दिवसाढवळ्या अंथरूण

बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात दर फेब्रुवारीत कॅरव्हॅनचं, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरांचं, मोठं प्रदर्शन भरतं. तिथलं एक दृश्य मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. साठी-पासष्टीची जोडपी दाराशी बूट काढून कॅरव्हॅनमध्ये चढतात आणि अंगातला कोटही न काढता थेट पलंगावर आडवी होतात. शेजारी शेजारी, हात पोटावर, नजर छताकडे. बोलत कोणीच नाही. थोड्या वेळाने बाई हळूच पाय खाली सोडते, दोन पावलं टाकते, न्हाणीघराचं दार लावून बघते आणि परत येऊन पडते. रात्री तीन वाजताच्या फेरीची ही रंगीत तालीम, तीही दुपारी दीड वाजता, चारचौघांत. बाहेर पुढचं जोडपं बूट हातात घेऊन उभं.

त्या दिवशी आम्हीही असेच आठ-नऊ पलंगांवर झोपून उठलो. सहाव्यावर नवऱ्याला खरोखरच डुलकी लागली, तेव्हा विक्रेत्याने अगदी सभ्यपणे खोकून दाखवलं. मी मात्र एकाही पलंगावर धड टेकले नाही. गादी चांगली, डोक्याशी वाचायचा दिवा, वर छोटा झरोका, तरी भरदुपारी पसरलेल्या अंथरुणावर पडायला अंग तयार होईना. कारण शोधायचं तर गिरगावात जावं लागेल. पण आधी आम्ही कॅरव्हॅनवाले कसे झालो ते सांगते.

लेस्टरला येऊन आम्हाला २३ वर्षं झाली. इथे १ जानेवारी १९९७ नंतर परवाना मिळवलेल्यांना मोठी कॅरव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागायची. नवऱ्याने आयुष्यात पुरेशा परीक्षा दिल्या आहेत असं त्याचं मत असल्यामुळे विषय तिथेच थांबला होता. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. साध्या गाडीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचं ओढता येऊ लागलं आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या दारात नऊ वर्षं वापरलेली, दोघांपुरती एक कॅरव्हॅन उभी राहिली.

डोंबिवलीला आईला फोन केला. "आई, आम्ही कॅरव्हॅन घेतली."

"बरं केलंस. दादाने पण आणलाय ना दिवाळीत. पाच हजार गाणी आहेत. तुझ्यात मराठी आहेत का गं?"

सारेगामाचा 'कारवाँ' रेडिओ तिच्या उशाशी असतो, त्यामुळे तिचं काही चुकलं नाही. मग मी समजावून सांगितलं की ही चाकांवरची खोली, गाडीच्या मागे लावून न्यायची. तिने एकच प्रश्न विचारला. "मग झोपायचं कुठे?"

"बसायच्या बाकांवरच. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी काढायच्या."

"अगंबाई! म्हणजे चाळच की!"

गिरगावातली आमची बाहेरची खोली दहा बाय बाराची, आत स्वयंपाकघर, आणि माणसं सात. रात्री जेवणं आटोपून केर काढला की आई गाद्या घालायला घ्यायची. कोणाची गादी कुठे हे ठरलेलं. सकाळी सहाला पहिली गादी उठली की मागोमाग सगळ्या उठायच्या, पांघरुणांच्या घड्या व्हायच्या, चळत रचली जायची, वर एक जुनी चादर. मग तीच जमीन दिवसभर काहीही व्हायची: आमचा अभ्यास, आईच्या वाती, आलेल्या-गेलेल्यांची बैठक, गौरी-गणपतीत पंगत. दिवस उजाडल्यावर अंथरूण दिसता कामा नये, हा घरातला नियम कोणी कधी बोलून दाखवला नव्हता. ज्यांच्या घरी दुपारी गादी पसरलेली दिसे तिथे एक तर ताप असायचा नाही तर बाळंतीण.

त्या खोलीत उभा पलंग एकच होता, आजोबांची लोखंडी खाट. ती घरात आली ती त्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर. तोपर्यंत तेही आमच्यासारखे जमिनीवरच झोपत. खाट आली आणि खोलीचा एक तृतीयांश भाग तिने कायमचा घेतला. खाली दोन ट्रंका, पापडांचा डबा, कांदे-बटाट्यांची टोपली आणि दादाची बॅट. 'आजोबांनी अंथरूण धरलंय,' असं मोठी माणसं हळू आवाजात म्हणत. मला वाटे, अंथरूण धरायचं म्हणजे ते पळून जाऊ नये म्हणून घट्ट धरून ठेवायचं. एका अर्थी ते खरंच होतं. आमची अंथरुणं रोज सकाळी निघून जायची, त्यांचं तेवढं राहायचं.

तर आमच्या पहिल्या कॅरव्हॅनचा लेआउट म्हणजे इंग्लंडमधला जुना, दोघांचा, सगळ्यांना ठाऊक असलेला. पुढच्या बाजूला रुंद खिडकी, तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन लांब बाकं, मध्ये स्वयंपाकाचा ओटा, मागे पूर्ण रुंदीचं न्हाणीघर. रात्री बाकांच्या मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट ओढायची, ती दोन्हीकडे नीट टेकली की नाही ते चाचपून बघायचं, मग टेकायच्या आणि बसायच्या गाद्या कोड्याचे तुकडे जुळवावेत तशा बसवायच्या. बसायच्या गादीला मांडीखाली एक फुगीर कड असते. ती उलटवली नाही तर रात्रभर कमरेखाली बांध घातल्यासारखं वाटतं. वर पातळ गादी, चादर, पांघरूण. एकटीला बारा मिनिटं, दोघांना अठरा, कारण दोघं असली की वाद होतो.

कॅम्पसाइटवर शेजारच्या जागेतल्या बाईंनी विचारलं, दोन बाकांवर दोघं वेगवेगळे का नाही झोपत? बहुतेकजण तसंच करतात. पट्ट्या नकोत, कोडं नको. आम्ही दोन रात्री करून पाहिलं. बाक सत्तरेक सेंटीमीटर रुंद, एका बाजूला भिंत, समोर दुसरा प्रवासी. पहाटे मला कर्जतच्या वड्याची हाक ऐकू येईल असं वाटलं. नवरा म्हणाला, निदान मिडल बर्थ तरी नाही. रेल्वेचा तो मिडल बर्थ हा अंथरूण-काढण्याच्या संस्कृतीचा कळस आहे. रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच त्याला पलंग व्हायचा हक्क, बाकी वेळ तो खालच्यांची पाठ टेकायची जागा.

दोन उन्हाळे मी आनंदाने गाद्या घातल्या. खरंच आनंदाने. बाहेर पाऊस, पुढच्या खिडकीतून डर्बीशरच्या टेकड्या, सकाळी अंथरूण निघालं की आठ फुटी दिवाणखाना, तोच रात्री शयनगृह. पाहुण्यांना मी हे अभिमानाने दाखवायचे. तिसऱ्या वर्षी कॅसलटनला नवरा वाकून पट्टी ओढत होता आणि तसाच राहिला. सरळ होता येईना. मणक्यातली चकती. फिजिओथेरपिस्टने वाकून वळायची मनाई केली, आणि कॅरव्हॅनमध्ये अंथरूण घालणं म्हणजे वाकून वळण्याखेरीज दुसरं काही नाही. तेव्हापासून रोजची बारा मिनिटं माझी एकटीची झाली, सकाळची आठ वेगळी.

आठवडाभर मी ते केलं आणि एका रात्री, फुगीर कड उलटवताना, आई आठवली. सात गाद्या, रोज रात्री, रोज सकाळी. त्या खोलीतली मोकळी जमीन मला आयुष्यभर चाळीची किमया वाटत आली. दहा बाय बारात सात माणसं कशी मावतात, बघा! मावत होती, कारण एक बाई रोज दोनदा सगळी खोली उचलून पुन्हा मांडत होती. जागा वाचते असं आपण म्हणतो. ती कोणाच्या तरी कंबरेतून वाचलेली असते. आम्हा भावंडांपैकी कोणी गाद्या घातल्याचं मला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणजे घातल्या नसणारच.

म्हणून एनईसी. म्हणून फिक्स्ड बेड, म्हणजे कायमचा पलंग.

आता यातले प्रकार. फ्रेंच बेड म्हणतात तो एका कोपऱ्यात भिंतीला लावलेला, आणि बाजूने जायला वाट हवी म्हणून पायाकडचा एक कोपरा तिरका कापलेला. कॅरव्हॅन आखूड राहते, वजन कमी, किंमतही त्या मानाने बरी. पण एकजण भिंतीकडे. त्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं आणि कापलेला कोपरा ज्याच्या वाट्याला येतो त्याचे पाय हवेत. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण मी शाळेत निबंधात वापरली होती, ती सुताराच्या करवतीने कापून दाखवलेली पहिल्यांदा बघितली. नवरा तिथे झोपला, मी त्याला ओलांडायचा प्रयत्न केला, आणि आम्ही दोघंही न बोलता बूट घालून बाहेर आलो.

आयलंड बेड म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरता येणारा. गाडीच्या लांबीत उभा ठेवला तर ऐसपैस, पण कॅरव्हॅन लांबते, आणि मागच्या टोकाच्या पलंगापर्यंत जायला बऱ्याचदा मधल्या न्हाणीघरातूनच वाट असते. आडवा ठेवला तर पलंग मधोमध, डोकं एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीकडे, मागे पूर्ण रुंदीचं न्हाणीघर. आतली रुंदी सव्वादोन मीटरहूनही कमी, पलंग एक मीटर नव्वद. उरली किती? वीतभर वाट, आणि न्हाणीघरात जायचा रस्ता तोच. त्यावर कारखानदारांनी तोडगा काढला आहे. दिवसा पलंग आत सरकतो, गादीचं डोक्याकडचं टोक आरामखुर्चीसारखं उभं राहतं आणि पायाशी माणूस जाईल एवढी वाट होते. अलीकडे आठ फूट रुंदीच्या कॅरव्हॅनही निघाल्यात. त्यात हा प्रश्न बराच सुटतो आणि लेक डिस्ट्रिक्टच्या दगडी कुंपणांमधल्या रस्त्यांवर दुसरा सुरू होतो.

आणि दोन कायमच्या वेगळ्या खाटा. दोन्ही बाजूंना एक एक, मध्ये वाट, मागे न्हाणीघर. मला विचाराल तर सगळ्यांत शहाणा लेआउट हाच. कोणी कोणाला ओलांडत नाही, पांघरुणाची ओढाताण नाही, दिवसा बसताही येतं. पण त्या कॅरव्हॅनसमोर रांग सगळ्यात कमी होती. जोडपी आत डोकावत, एकमेकांकडे बघत आणि हसून पुढे जात. नवरा म्हणाला, "आपण काय हॉस्पिटलात आलोय?" मी फार ताणलं नाही. हा शब्द माझ्याही डोक्यात होता, फक्त मला तो प्रत्येक पलंगापाशी आठवत होता.

वजनाचं गणित मात्र ताणावंच लागलं. इथे नव्या लोकांना एक सल्ला सगळेच देतात: भरलेल्या कॅरव्हॅनचं कमाल वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. आमची गाडी १,७८० किलोची, म्हणजे १,५१३. कायमचा पलंग आला की कॅरव्हॅन लांबते आणि लांबली की जड होते. आडवा आयलंड बेड असलेल्या बऱ्याच कॅरव्हॅन तिथेच, दीड हजाराच्या आसपास घुटमळतात. त्यातही कमाल वजन आणि रिकामं वजन यांच्यातला फरक, म्हणजे आपल्या सामानाची हद्द, आमच्या पसंतीच्या कॅरव्हॅनमध्ये १५० किलो निघाली. दीडशे ऐकायला खूप वाटतं. त्यातून बॅटरी गेली, जागेवर हलवायची मोटर गेली, बाहेरचा तंबू गेला. मग कुकर, पोळपाट, दहा किलो कणीक, आणि मी ज्याच्याशिवाय कुठेही जात नाही तो दगडी खल. खल घरी राहिला. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाचे गृहस्थ सुमारे दोन टनांची हौशी कॅरव्हॅन दोन घोड्यांना जुंपून ट्वायफर्डहून थेट इन्व्हर्नेसपर्यंत गेले होते. त्या घोड्यांचे ८५ टक्के कोणी काढले नव्हते.

पलंगाखालच्या पोकळीची तर सगळे विक्रेते आरती ओवाळतात. गादीची चौकट डिकीच्या झाकणासारखी वर उचलली जाते आणि खाली भलीमोठी पेटी. बघताक्षणी मला आजोबांची खाट आठवली, पापडाच्या डब्यासकट. पण खाटेला चाकं नव्हती. जड सामान चाकांच्या आसाजवळ, खाली ठेवायचं असतं. पलंग अगदी मागे असेल आणि त्याखाली हौसेने सगळं कोंबलं, तर मागचा भाग जड होतो, पुढच्या दांड्यावरचा भार घटतो आणि मोटारवेवर कॅरव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते. हा भार एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावा म्हणतात. आमच्यासाठी ७५ ते १०५ किलो. ते मोजायचा एक काटा मिळतो. नवरा तो वापरताना इतका खुश असतो की त्याची पाठ दुखते हे त्याला आठवत नाही.

आडवा पलंग नवा नाही. रोमानी लोकांच्या घोड्यांच्या गाड्यांत मागच्या भिंतीला लागून असाच कायमचा आडवा पलंग असे, आणि त्याच्या खाली, सरकत्या दारांच्या आत, मुलं झोपत. वर्षभर चाकांवर राहणाऱ्यांनी पलंग उचलून ठेवायचा खटाटोप केलेला दिसत नाही. बाकांचा पलंग करायची हौस सुट्टीला जाणाऱ्यांची. जर्मन, फ्रेंच कॅरव्हॅनही पलंगाला आधी जागा देतात, बसायला छोटंसं टेबल. त्यांचं बसणं-जेवणं बाहेर, तंबूत, उन्हात. इंग्लंडमध्ये पाऊस. इथल्या माणसाला आत बसून बाहेरचा पाऊस बघायचाय, म्हणून इंग्लिश कॅरव्हॅनच्या पुढच्या भागात एवढी मोठी खिडकी आणि लांब बाकं.

ती बाकं हीच फिक्स्ड बेडची खरी किंमत. पलंगाने मधली जागा घेतली की पुढची बाकं आखूड होतात. जुन्या कॅरव्हॅनमध्ये दुपारी आम्ही समोरासमोर पाय लांब करून पडायचो, तो वर्तमानपत्र घेऊन, मी काही न घेता. नव्यात बाकावर पडलं की गुडघ्यांपासून पुढचं सगळं अधांतरी. विक्रेता म्हणाला, "पण मॅडम, पडायला मागे पलंग आहे ना!" त्याला काय सांगू.

शेवटी घेतला तो मागे न्हाणीघर आणि मधोमध आडवा आयलंड बेड. वजनात बसत होता, पाठीला मानवत होता. मी हो म्हटलं ते नवरा प्रदर्शनात सहाव्या पलंगावर झोपला होता त्या वेळी. खोकणारा विक्रेता दाराशी, आणि ह्याचा चेहरा इतका सैल पडलेला मी कितीतरी महिन्यांनी बघत होते. एकेकाळी मला आजोबांच्या त्या खाटेची भीती वाटायची, कारण तिने जागा घेतली आणि परत दिली नाही. त्यांना तिच्यावर काय वाटत असेल हा विचार तेव्हा सुचण्याचं वय नव्हतं.

पहिली सफर एप्रिलमध्ये, केसिकला, सहा रात्री. पाऊस सहाही दिवस. दुसऱ्या सकाळी गादी उचलली तर भिंतीकडच्या कडेला खाली ओल. आत दोन माणसांचा श्वास, बाहेर चार डिग्री, पाणी जमणारच. अंथरूण रोज निघत होतं तेव्हा त्याला आपोआप हवा लागत होती, हे आईला कोणी शिकवलं नव्हतं. आता रोज सकाळी चौकट तासभर उचलून ठेवतो.

आणि रात्री पलंग ओढावा लागतो. कायमचा पलंग! दिवसा आत सरकवायचा, रात्री दोन्ही हातांनी ओढून लांब करायचा, गादीचं उभं टोक खाली बसवायचं. ओढायला वाकावं लागतं. नवऱ्याला वाकायची मनाई. म्हणजे कोण ओढणार, ते सांगायला नको.

तिसऱ्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. ह्याची पाठ विचारली, "त्यांना म्हणावं, जास्त गाडी चालवू नका," असं बजावलं, मग म्हणाली, दाखव तुझा पलंग. मी फोन फिरवला. नवरा पायावर पांघरूण घेऊन पडला होता, तो गडबडीने उठून बसला. सासूसमोर भर संध्याकाळी अंथरुणात. आईने बराच वेळ बघितलं.

"छान आहे. ऐसपैस आहे. रोज ओढतेस का गं?"

"हो."

"मग गाद्या घालण्यात आणि ह्यात काय फरक?"

"चादर काढावी लागत नाही."

तिने यावर गंभीरपणे विचार केला. "चादर म्हणजे बराच फरक झाला," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं असतं की फक्त गादी ओढ, चादर राहू दे..." मग पलीकडे दादाचा आवाज आला, जेवायला चल, आणि फोनमध्ये नुसतं छत दिसत राहिलं.

चौथ्या दिवशी आम्ही पलंग आत सरकवायचाच सोडला. आता न्हाणीघरात जायचं तर भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, आडवं सरकत जायचं. नवरा म्हणतो, व्यायाम होतो. मी दुपारी चारला चहा घेऊन त्याच्या शेजारी पाय वर घेऊन बसते, आडवी होत नाही, आणि वरच्या झरोक्यावर पाऊस वाजत असतो.